'पेटार्ड' भंगारात गेली तेव्हा तिचे गुपित कुलपातच होते

१९६७ साली स्कॉटलंडमधील फर्थ ऑफ फोर्थच्या काठावर, बोनेस या छोट्याशा गावी, ब्रिटिश नौदलाची 'पेटार्ड' नावाची जुनी फ्रिगेट, म्हणजे पाणबुड्यांचा माग काढणारी युद्धनौका, तोडायला आणली गेली. ती १९४२ साली विनाशिका म्हणून सेवेत आली होती. १९५०च्या दशकात तिचे फ्रिगेटमध्ये रूपांतर झाले आणि शेवटची काही वर्षे तिने राखीव ताफ्यात काढली. युद्धकाळातल्या शेकडो नौकांच्या वाट्याला असेच आयुष्य आले, आणि भंगाराच्या व्यवहारात तिच्या पोलादाला जो भाव मिळायचा तोच मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या दिशेवर परिणाम करणारी एक गोष्ट या नौकेच्या माणसांच्या हातून घडली होती, हे ज्या मूठभर लोकांना ठाऊक होते त्यांच्या तोंडाला कायद्याचे कुलूप होते. एनिग्मा या जर्मन सांकेतिक यंत्राचे संदेश दोस्त राष्ट्रांनी वाचले होते, हे ब्रिटनमध्ये उघडपणे छापले गेले ते १९७४ साली, म्हणजे 'पेटार्ड'चे तुकडे होऊन सात वर्षे उलटल्यावर. या घटनेतला 'पेटार्ड'चा नेमका वाटा लोकांसमोर यायला त्यानंतरही काही काळ जावा लागला.

बैल गेला नि झोपा केला, असे आपण म्हणतो. इथे तर गोठ्यात बैल होता हेच बैल गेल्यावर कळले. सरकारी गोपनीयतेला ठरलेली मुदत असावी का, आणि ती संपेपर्यंत त्या इतिहासाच्या खुणा जपण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचा विचार मला या नौकेच्या सेवापुस्तकाशिवाय करता येत नाही. हा प्रश्न ब्रिटनइतकाच आपलाही आहे, म्हणून ते सेवापुस्तक थोडे सविस्तर उलगडतो.

'पेटार्ड' न्यूकॅसलजवळ टाइन नदीच्या काठावर, व्हिकर्स-आर्मस्ट्राँग कंपनीच्या गोदीत बांधली गेली आणि जून १९४२ मध्ये नौदलाच्या हाती आली. त्या वर्षी ब्रिटनची अवस्था बिकट होती. १ फेब्रुवारी १९४२ पासून अटलांटिकमधल्या जर्मन पाणबुड्यांनी तीन चक्रांच्या एनिग्मा यंत्राऐवजी चार चक्रांचे यंत्र वापरायला सुरुवात केली आणि ब्लेचली पार्क इथे संदेश उकलणाऱ्या मंडळींपुढे एकाएकी अंधार पसरला. पाणबुड्या कुठे दबा धरून आहेत हे कळेनासे झाल्यामुळे जहाजांच्या ताफ्यांना त्यांच्यापासून वळवून नेणे अवघड होऊन बसले. त्या एका वर्षात पाणबुड्यांनी दोस्तांची एक हजारांहून अधिक जहाजे बुडवली. ब्रिटनचे अन्न, तेल आणि दारूगोळा समुद्रावरूनच येत असे, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ कळतो.

३० ऑक्टोबर १९४२ रोजी भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात, नाईलच्या मुखापासून दूर, एका विमानाला जर्मन पाणबुडीचा माग लागला. ती यू-५५९ होती. 'पेटार्ड'सह पाच विनाशिका दिवसभर तिच्या मागावर होत्या आणि त्यांनी मिळून सुमारे दीडशे डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली ठरावीक खोलीवर फुटणारे बाँब, टाकले. पाणबुडी इतकी खोल गेली होती की नेहमीच्या मांडणीतले स्फोट तिच्या बऱ्याच वर होत होते. तेव्हा 'पेटार्ड'च्या खलाशांनी डेप्थ चार्जमध्ये पाणी शिरण्याच्या छिद्रांत साबण कोंबला, म्हणजे पाण्याचा दाब आत पोहोचायला उशीर होईल आणि स्फोट अधिक खोलवर होईल. रात्री पाणबुडी नाइलाजाने वर आली. तिची माणसे समुद्रात उड्या टाकून बाहेर पडली. ती बुडत होती, पण अजून बुडाली नव्हती.

पुढचा अर्धा-पाऊण तास नीट डोळ्यांसमोर आणायला हवा. 'पेटार्ड'वरचे लेफ्टनंट अँथनी फॅसन आणि खलाशी कॉलिन ग्रेझियर पाणबुडीत उतरले. कँटीनमध्ये काम करणारा टॉमी ब्राउन त्यांच्या मागून गेला. तो अवघा सोळा वर्षांचा होता आणि खोटे वय सांगून कामावर लागला होता. आतले दिवे गेले होते आणि तोफांच्या माऱ्याने पडलेल्या भोकांतून पाणी येत होते. हातातल्या विजेरीच्या उजेडात फॅसनने कप्पे उघडून पुस्तके आणि कागद काढायला सुरुवात केली. ती पुस्तके पाण्यात विरघळणाऱ्या शाईने छापलेली होती, कारण शत्रूच्या हाती लागण्याआधी ती पुसली जावीत अशीच त्यांची योजना असे. त्यामुळे कोरडी राहतील अशा बेताने ती शिडीवरून वर द्यावी लागत होती. ब्राउन शिडीवरून खाली-वर करत ती घेऊन येत होता. पाणबुडी एकाएकी खाली जाऊ लागली तेव्हा ब्राउन वरच्या तोंडाशी होता, म्हणून वाचला. फॅसन आणि ग्रेझियर आतच राहिले.

वर आलेल्या कागदांत दोन पुस्तके होती. एक होते पाणबुड्यांच्या आखूड संदेशांचे आणि दुसरे हवामानाच्या संक्षिप्त संकेतांचे. २४ नोव्हेंबर रोजी ती ब्लेचली पार्कला पोहोचली. हवामानाचे संदेश पाठवताना जर्मन लोक चौथे चक्र ठरलेल्या जागी ठेवून यंत्र तीन चक्रांसारखे चालवत. त्या संदेशांत काय लिहिलेले असणार हे संकेतपुस्तकावरून ओळखता आले की तीन चक्रांची त्या दिवसाची मांडणी सापडे, आणि मग उरलेल्या चक्राच्या सव्वीस शक्यताच तपासायच्या राहत. १३ डिसेंबर १९४२ रोजी, दहा महिन्यांहून अधिक काळानंतर, अटलांटिकमधल्या पाणबुड्यांचे संदेश पुन्हा वाचता येऊ लागले.

फॅसन आणि ग्रेझियर यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस आणि ब्राउनला जॉर्ज मेडल मिळाले, पण ही पदके कशासाठी, हे उघड सांगणे शक्य नव्हते. घरच्यांना शौर्याचे मोघम शब्द वाचायला मिळाले. धाकट्या बहिणीला घरातल्या आगीतून वाचवताना १९४५ साली ब्राउन मरण पावला. आपण शिडीवरून वर आणलेल्या ओलसर पुस्तकांनी काय घडवले, हे त्याला कधीच कळले नाही.

युद्ध चालू असताना ही गोपनीयता आवश्यक होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पुस्तके हाती लागल्याचा सुगावा जर्मनीला लागला असता तर त्यांनी संकेत बदलले असते आणि दोघांचा जीव फुकट गेला असता. युद्धानंतरही काही वर्षे मौन पाळण्यामागचे कारण मला पटते, कारण तशाच तत्त्वावरची यंत्रे इतर देश वापरत होते. माझा आक्षेप पुढच्या टप्प्यावर आहे. गुपित किती वर्षांचे, हे कोणी ठरवलेच नाही. मुदत नसल्यामुळे एका खात्याने गुपित जपले, त्याच नौदलाच्या दुसऱ्या खात्याने ती नौका विकून टाकली, आणि दोघांनीही आपापले काम नियमाप्रमाणे केले.

यावर एक गंभीर हरकत घेतली जाते आणि तिचे उत्तर द्यायला हवे. १९६७ मध्ये तुटलेली नौका १९४२ची होतीच कुठे, असे विचारले जाते, आणि प्रश्न रास्त आहे. युद्धाच्या शेवटी जर्मनीने पाण्याखालीही सुमारे १७ नॉट वेगाने जाणाऱ्या पाणबुड्या बांधल्या होत्या आणि ते तंत्र सोव्हिएत संघाच्या हाती गेले होते. युद्धातल्या कॉर्व्हेट आणि स्लूप या लहान, संथ संरक्षक नौकांना अशा पाणबुड्या गाठता आल्या नसत्या. नव्या फ्रिगेट बांधायला पैसा नव्हता आणि वेळही नव्हता. मात्र युद्धात घाईने बांधलेल्या, वेगवान आणि तुलनेने तरुण विनाशिका गोद्यांत उभ्या होत्या. त्यांतल्या काहींचा वरचा सारा भाग काढून जवळपास नवीच नौका उभारली गेली. त्यांना टाइप १५ म्हणत. काहींवर थोडक्यात आणि स्वस्तात काम भागवले गेले. त्या टाइप १६, आणि ब्रिटिश नौदलात अशा दहा नौका झाल्या. 'पेटार्ड' त्यांतली एक. बेलफास्टमध्ये तिचे रूपांतर झाले. तिला बंदिस्त ब्रिज, म्हणजे नौका चालवण्याची जागा, मिळाला, पुढे जोडतोफ बसली आणि 'स्क्विड' नावाच्या, तीन नळ्यांच्या दोन उखळी तोफा आल्या.

या तोफांचा आणि साबण कोंबलेल्या डेप्थ चार्जचा संबंध जोडून पाहिला की रूपांतराचा अर्थ कळतो. जुन्या पद्धतीत नौका पाणबुडीच्या डोक्यावरून जाऊन मागे डेप्थ चार्ज सोडत असे, आणि नेमक्या त्याच क्षणी ध्वनिलहरींनी पाणबुडीचा माग काढणाऱ्या सोनार यंत्राचा संपर्क तुटत असे, म्हणजे शेवटचा वार अंदाजानेच करावा लागे. 'स्क्विड' सोनारच्या माहितीवर चालून बाँब पुढच्या बाजूला फेकत असे, त्यामुळे पाणबुडी नजरेआड होण्याआधीच मारा करता येई. ३० ऑक्टोबर १९४२ च्या रात्री जी उणीव दीडशे डेप्थ चार्ज खर्चून भरून काढावी लागली, ती उणीव दूर करण्यासाठीच हे रूपांतर होते. म्हणून रूपांतराने नौकेचा इतिहास पुसला गेला, हे मला मान्य नाही. जुन्या वाड्याला मागाहून जोडलेला दिवाणखाना त्या वाड्याचाच भाग असतो. 'पेटार्ड'च्या अंगावर युद्धातला अनुभव आणि त्यातून घेतलेला धडा असे दोन्ही थर एकावर एक होते, आणि बोनेसला दोन्ही तोडले गेले.

तिच्या सेवापुस्तकातल्या इतर नोंदीही लहान नाहीत. डिसेंबर १९४२ मध्ये ग्रीक विनाशिका 'वासिलिसा ओल्गा' हिच्या साथीने तिने माल्टाजवळ 'उआर्शिएक' ही इटालियन पाणबुडी पकडली. ओढून नेत असताना ती पाणबुडी बुडाली. पुढे जपानी पाणबुडी आय-२७ बुडवण्यातही तिचा हात होता, आणि जर्मनी, इटली व जपान या तिन्ही शत्रूंच्या पाणबुड्या बुडवणारी एकमेव नौका म्हणून तिची ओळख झाली. ही तिसरी घटना हिंदी महासागरातली आहे, आणि ती अभिमानाने सांगता येईल अशी नाही.

१२ फेब्रुवारी १९४४ रोजी मोंबासाच्या किलिंडिनी बंदरातून कोलंबोकडे निघालेला सैनिकवाहू जहाजांचा ताफा मालदीवजवळ होता. दुपारी आय-२७ ने 'खेदिव इस्माइल' या जहाजावर टॉर्पेडो सोडले आणि जवळपास दोन मिनिटांत ते जहाज बुडाले. १,२९७ माणसे गेली. त्यांत पूर्व आफ्रिकेचे तोफखान्याचे जवान होते आणि ७७ स्त्रिया होत्या, बऱ्याचशा परिचारिका. वाचलेले लोक पाण्यात तरंगत होते आणि पाणबुडी त्यांच्याच आसपास, त्यांच्या खाली होती. 'पेटार्ड'चे कप्तान रूपर्ट एगन यांनी डेप्थ चार्ज टाकण्याचा निर्णय घेतला. पाणबुडी सुटली असती तर उरलेल्या जहाजांवरच्या हजारो माणसांवर तीच वेळ आली असती. पण त्या स्फोटांनी पाण्यातली आपलीच माणसे मरू शकतात, हे टाकणाऱ्यांना दिसत होते. सोबतच्या 'पॅलाडिन' या विनाशिकेने पाणबुडीला धडक द्यायचा प्रयत्न केला आणि त्यात तिचेच नुकसान झाले. शेवटी 'पेटार्ड'च्या सातव्या टॉर्पेडोने काम झाले.

ही घटना इथे मुद्दाम सांगतो, कारण गोपनीयतेच्या चर्चेत आपण बहुधा लपलेल्या पराक्रमाबद्दलच बोलतो. सरकारी कपाटांत वेदनाही तितक्याच दडलेल्या असतात, आणि त्या उघड करायला कोणताही संरक्षण विभाग पराक्रमापेक्षा जास्त कचरतो. एगन यांचा निर्णय बरोबर होता की चूक, हे मी सांगू धजणार नाही. मात्र त्या दिवशी कोणत्या वेळी काय दिसले, काय ऐकू आले आणि कोणता हुकूम दिला गेला, याच्या नोंदी उघड्या असतील तरच नंतरच्या पिढीला त्यावर प्रामाणिकपणे बोलता येते. नोंदी बंद असतील तर ती जागा ऐकीव कहाण्या भरून काढतात. २००० साली हॉलिवूडच्या एका चित्रपटात एनिग्मा ताब्यात घेण्याचे श्रेय अमेरिकी नौसैनिकांना दिले गेले आणि ब्रिटनच्या संसदेत त्याबद्दल संताप व्यक्त झाला. तो संताप रास्त होता. पण ज्यांनी ही गोष्ट तीन दशके स्वतःच्या नागरिकांना सांगितली नाही आणि नौकाही जपली नाही, त्यांनी दुसऱ्याने ती बदलून सांगितली म्हणून तक्रार करणे पुरेसे नव्हते. ग्रेझियरच्या टॅमवर्थ गावाने २००२ साली तिघांचे स्मारक उभारले. त्याची रचना नांगरांची आहे. मला ते स्मारक आवडते, पण नौका असताना नौकेच्या नांगराची प्रतिकृती घडवावी लागली नसती.

आता आपल्याकडे वळू. टाइनच्या काठावर व्हिकर्स-आर्मस्ट्राँगच्याच गोदीत पायाभरणी झालेली आणि बेलफास्टमध्ये पूर्ण झालेली आणखी एक नौका आपल्याला चांगली ठाऊक आहे, ती म्हणजे पहिली 'विक्रांत'. १९९७ साली ती निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१२ साली असुरक्षित ठरवून बंद झाली, आणि न्यायालयात दाद मागूनही २०१४ मध्ये मुंबईतल्याच दारूखाना भागातल्या भंगारगोदीत तुटायला गेली. तिचे पोलाद पुढे मोटारसायकलींत वापरले गेले. मी तिच्या डेकवर लहानपणी चाललो आहे. उन्हात तापलेल्या त्या पत्र्यावरून बूट घालूनही पायाला बसलेला चटका आठवतो, आणि तिला वाचवायला पैसे नव्हते हे कारण मी आजही मनापासून स्वीकारू शकलेलो नाही. तरीही कबूल केले पाहिजे की प्रत्येक नौका संग्रहालय होऊ शकत नाही. खाऱ्या पाण्यात उभ्या पोलादाची देखभाल कायमचा खर्च मागते. विशाखापट्टणमला 'कुरसुरा' पाणबुडी किनाऱ्यावर ओढून संग्रहालय केली गेली, ते पाणबुडीच्या आकारामुळे जमले. विमानवाहू नौकेचे तसे करता येत नाही.

म्हणून माझा आग्रह वेगळा आहे. 'विक्रांत'ची कहाणी निदान सर्वांना माहीत होती. ज्यांची कहाणी कुलपात आहे त्यांचे काय? १९४९ साली ब्रिटनकडून आपल्याला तीन आर-वर्गीय विनाशिका मिळाल्या. त्यांची 'राजपूत', 'रणजित' आणि 'राणा' अशी नावे झाली. त्यांच्या काही भगिनी नौका ब्रिटनमध्ये टाइप १५ फ्रिगेट झाल्या, आपल्या तिघी विनाशिकाच राहिल्या. १९७१ च्या ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी बुडाली. ती 'राजपूत'च्या डेप्थ चार्जने बुडाली, की स्वतःच पेरलेल्या सुरुंगाने वा आतल्या स्फोटाने, यावर दोन्ही देशांत वाद आजही संपलेला नाही. 'राजपूत' १९७६ साली निवृत्त झाली. युद्धाला तेव्हा पाच वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धविषयक नोंदी खुल्या करण्याचे धोरण जाहीर केले. त्यानुसार नोंदी साधारणपणे पंचवीस वर्षांनी खुल्या व्हाव्यात, त्याहून जुन्या नोंदी तज्ज्ञांनी तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्याव्यात आणि युद्धाचा इतिहास लिहिण्यासाठी समिती असावी, असे ठरले. हे धोरण स्वागतार्ह आहे. पण 'साधारणपणे' या एका शब्दात पळवाट आहे. १९६२ च्या युद्धातल्या पराभवाचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल १९६३ साली सादर झाला आणि अजूनही अधिकृतपणे खुला नाही. साठ वर्षांपूर्वीच्या चौक्या आणि तुकड्यांच्या हालचालींतून आज शत्रूला काय मिळणार, हे कोणीतरी नागरिकांना समजावून सांगायला हवे. शिवाय हे धोरण कागदांचे आहे, वस्तूंचे आणि माणसांचे नाही. 'पेटार्ड'च्या बाबतीत कागद टिकले आणि नौका गेली. आपल्याकडे दोन्ही जाण्याची भीती आहे.

माझी मागणी साधी आहे. कोणतीही युद्धनौका भंगारात काढण्याआधी तिच्या गोपनीय नोंदी पाहण्याचा अधिकार असलेल्या एका अधिकाऱ्याने त्या वाचाव्यात. त्यांत अजून न उघडलेले काही महत्त्वाचे असेल, तर कारण न सांगता तिची विल्हेवाट लांबणीवर टाकता यावी. ते शक्य नसेल तर निदान तिचे आराखडे, लॉगबुके, घंटा आणि काही भाग जपले जावेत. एका नौकेमागे असे काही आठवड्यांचे काम आहे. १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये कोणी एवढे केले असते, तर गुपित फोडण्याची गरज न पडता 'पेटार्ड'चा निदान ब्रिज वाचला असता.

आणि तिच्यावर काम केलेल्या माणसांकडून गोष्टी ऐकून ठेवाव्यात. कोकणातल्या कितीतरी घरांतून माणसे नौदलात गेली आहेत. दापोलीजवळच्या एका गावी आमच्या नात्यातले एक काका राहतात. तरुणपणी ते ब्रिटिश बनावटीच्या एका जुन्या विनाशिकेच्या बॉयलर रूममध्ये होते. मागच्या उन्हाळ्यात ओटीवर बसलो असताना मी त्यांना डिसेंबर १९७१ बद्दल विचारले. त्यांनी आत जाऊन ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले सेवा प्रमाणपत्र आणले, मला दाखवले आणि बॉयलरच्या उष्णतेबद्दल, तेलाच्या वासाबद्दल, वर काय चालले आहे हे खाली न कळण्याबद्दल बराच वेळ बोलले. पण नौका कुठे होती आणि त्या रात्री खाली कोणता हुकूम आला, हे विचारताच थांबले. "ते नाही सांगायचं. सही देऊन आलोय मी," असे म्हणाले. काका, आता पन्नास वर्षं झाली, असे मी म्हटले. त्यांनी कागद पुन्हा पिशवीत घातला, पिशवीला दोरी बांधली आणि म्हणाले, "मग त्यांनी तसं पत्र पाठवावं. आलं की सांगेन."